वावरातले हॅरी, तोफखान्यातले हॅरी : अर्धवेळ शिपाई ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष

हॅरी ट्रुमन हे नाव आपण शाळेत अणुबॉम्बच्या धड्यात वाचलं आणि सोडून दिलं. पण या माणसाने आयुष्यातली अकरा वर्षं शेती केली. त्याआधी बँकेत कारकुनी केली. आणि या दोन्हींच्या जोडीला ते अर्धवेळ सैनिक होते. पहाटे रस्त्यावर भरतीसाठी पळणारी पोरं गावोगाव दिसतात, उंचीत नाहीतर डोळ्यात बाद होऊन परत येतानाही दिसतात. त्यांच्यासाठी ही हकीकत मुद्दाम लिहितोय.

ट्रुमन यांचा जन्म ८ मे १८८४ चा, अमेरिकेच्या मिसुरी राज्यातल्या लमार गावातला. वडील शेती आणि जनावरांचा व्यापार करायचे. हॅरींची नजर जन्मतःच अधू. लहानपणीच जाड भिंगाचा चष्मा लागला, त्यामुळे मैदानी खेळ बंद आणि पुस्तकं सुरू. लढायांचा इतिहास वाचून वाचून वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत जायचं मनात घेतलं, पण डोळ्यांमुळे तो दरवाजा बंदच होता. तेवढ्यात वडील धान्याच्या वायदे बाजारात बुडाले. (वायदे बाजाराचं दुखणं तिकडेही तेच.) कॉलेज राहून गेलं. हॅरींनी रेल्वेच्या कामावर हजेरी मांडली, मग कॅन्सस सिटीत बँकेत लागले.

तिथेच जून १९०५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते नॅशनल गार्डच्या तोफखान्याच्या तुकडीत भरती झाले. नॅशनल गार्ड म्हणजे राज्याची राखीव फौज. माणूस आपली नोकरी-शेती करतो, ठरल्या दिवशी कवायतीला जातो, उन्हाळ्यात काही दिवस छावणीत राहतो आणि युद्ध लागलं की बोलावणं येतं. आपल्याकडे १९४९ पासून टेरिटोरियल आर्मी आहे, ती याच जातीची. कोल्हापूरला तिची मराठा बटालियन आहे. पोटापाण्याचा दुसरा धंदा असलेल्या माणसासाठीच ती काढलेली, ही गोष्ट पुष्कळ पोरांना माहीतच नसते.

ट्रुमन यांना त्या कवायतीचा पगार मिळत नव्हता. उलट हॉलच्या भाड्यासाठी पोरंच प्रत्येकी पाव डॉलर भरायची. घरातही कौतुक झालं नाही. निळा गणवेश घालून आजीकडे गेले तर आजीने बजावलं की हे कपडे घालून पुन्हा या घरात पाऊल टाकायचं नाही. यादवी युद्धात उत्तरेच्या निळ्या गणवेशातल्या शिपायांनी तिचं घरदार लुटलं होतं.

१९०६ मध्ये वडिलांनी शेतीवर बोलावून घेतलं. ग्रँडव्ह्यू गावाजवळ आजीची सुमारे सहाशे एकर जमीन होती. मका, गहू, ओट, डुकरं, जनावरं, सगळं घोडे-खेचरांच्या जिवावर. गार्डमधली तीन-तीन वर्षांची दोन मुदती त्यांनी पुऱ्या केल्या आणि १९११ मध्ये सोडलं, कारण शेतीतून वेळ निघेना. मी स्वतः शेती बघून बातम्या करतो, त्यामुळे हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. अर्धवेळ म्हणतात ते काम कागदावरच अर्धं असतं. १९१४ मध्ये वडील गेले, सगळा भार अंगावर आला. मध्ये खाणीच्या धंद्यात पैसा घातला, तोही गेला.

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. ट्रुमन तेव्हा तेहतीस वर्षांचे. सक्तीच्या भरतीची वयोमर्यादा तीस होती, नजर अधू, वर शेतकरी. घरी बसले असते तर कुणी बोट दाखवलं नसतं. तरी गेले. डोळ्यांच्या तपासणीचा तक्ता पाठ करून पास झाले असं सांगतात. सहाशे एकर मागे आई आणि बहीण मेरी जेन यांच्यावर पडली. या बहिणीचं नाव चरित्रात दोन ओळींत संपतं, पण भावाचं सैनिक होणं तिने शेत सांभाळलं म्हणून जमलं.

गार्डमध्ये तेव्हा अधिकारी सैनिकच निवडून द्यायचे. ट्रुमन यांना सार्जंट झालो तरी पुष्कळ असं वाटत होतं, पोरांनी थेट लेफ्टनंट केलं. सहा वर्षं कवायत केलेला, हिशेब येणारा, सगळ्यांच्या ओळखीचा माणूस दुसरा कोण होता?

ओक्लाहोमातल्या छावणीत रेजिमेंटचं कॅन्टीन त्यांच्याकडे आलं. जोडीला एडी जेकबसन हा दुकानदारीत मुरलेला सैनिक घेतला. प्रत्येकाकडून दोन-दोन डॉलर घेऊन दुकान उभं केलं आणि चांगला नफा वाटला. पुढे जुलै १९१८ मध्ये फ्रान्समध्ये त्यांना बॅटरी डी चं कॅप्टन केलं. जवळजवळ दोनशे पोरं, बहुतेक आयरिश, आधीच्या कॅप्टनांना दाद न दिलेली. ट्रुमन यांनी बेशिस्त सार्जंटना खाली उतरवलं, पण जेवणाखाण्याकडेही लक्ष दिलं, आणि हीच बॅटरी म्यूझ-आर्गोनच्या मोठ्या लढाईत टिकून लढली.

परत आल्यावर १९१९ मध्ये लग्न केलं आणि त्याच जेकबसनबरोबर कॅन्सस सिटीत शर्ट-टायचं दुकान टाकलं. कॅन्टीन चाललं म्हणजे दुकान चालेल, हा हिशेब मात्र चुकला. छावणीत गिऱ्हाईक बांधलेलं असतं, बाजारात नसतं. मंदी आली, १९२२ मध्ये दुकान बंद. कर्ज मात्र बुडवलं नाही, ते बरीच वर्षं फेडत राहिले.

मग उपयोगी पडली ती फौजेतली माणसं. रेजिमेंटमधला सोबती जिम पेंडरगास्ट हा शहराचा राजकीय बॉस टॉम पेंडरगास्ट याचा पुतण्या. त्या घराच्या पाठिंब्यावर ट्रुमन १९२२ मध्ये काउंटीच्या कारभाऱ्याच्या जागेला उभे राहिले. तिकडे त्या पदाला जज म्हणतात, पण काम रस्ते आणि खर्च बघायचं, आपल्या जिल्हा परिषदेसारखं. बॅटरी डी ची पोरं प्रचारात होती आणि पक्षांतर्गत निवडणूक त्यांनी तीनशेहून कमी मतांनी काढली. पेंडरगास्टचा कारभार स्वच्छ नव्हता. तो बॉस १९३९ मध्ये कर चुकवल्याबद्दल तुरुंगात गेला. ट्रुमन यांच्यावर पैसे खाल्ल्याचं काही निघालं नाही, पण ती शिडी वापरली हे खरंच आहे.

राजकारणात गेल्यावरही त्यांनी राखीव फौज सोडली नाही. मेजर, मग १९३२ मध्ये कर्नल. उन्हाळ्यात पंधरा दिवस प्रशिक्षण ठरलेलं. १९३४ मध्ये सिनेटवर गेले. दुसऱ्या महायुद्धाची तयारी सुरू झाली तेव्हा छावण्यांच्या बांधकामात पैसा कुठे मुरतो हे त्यांनी स्वतः गाडी काढून फिरून पाहिलं आणि १९४१ मध्ये चौकशी समिती बसवली. त्याच समितीने त्यांचं नाव देशभर झालं. १९४५ च्या जानेवारीत उपराष्ट्राध्यक्ष, आणि रूझवेल्ट वारल्यावर १२ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष. ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकी घडलं. कवायतीची कितीही तारीफ केली तरी तो हिशेब त्यांच्याच नावावर राहतो. जुलै १९४८ मध्ये फौजेतला काळा-गोरा भेद बंद करण्याचा हुकूमही त्यांचाच.

जानेवारी १९५३ मध्ये पद सोडून ते रेल्वेने इंडिपेन्डन्स या आपल्या गावी परतले. माजी राष्ट्राध्यक्षाला पेन्शन द्यायचा कायदा तेव्हा नव्हता, तो १९५८ मध्ये झाला. तोपर्यंत त्यांना सरकारकडून दरमहा येत होती ती फौजेची पेन्शन, ११२ डॉलर आणि वर काही सेंट.