बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी : दृष्टी मंदावली, अभ्यास सुटला नाही

वाचकहो, ठाणे-कल्याणहून लोकलने मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलात, की समोरच अंजुमन-ए-इस्लामची जुनी दगडी इमारत दिसते. १८७४ मध्ये ही संस्था उभारणाऱ्यांत बद्रुद्दीन तय्यबजी अग्रणी होते. त्यांनी वकिलीचे शिक्षण कसे घेतले, हे आपल्या मुलामुलींना अवश्य सांगा.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईतील सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. इंग्रजी विद्येकडे समाज साशंकतेने पाहत असताना त्यांचे वालिद तय्यब अली यांनी मुलांना विलायतेस धाडले. बद्रुद्दीन प्रथम मदरशात उर्दू-फारसी शिकले, नंतर एल्फिन्स्टनमध्ये आणि १८६० मध्ये इंग्लंडला गेले. थोरले बंधू कमरुद्दीन तेथे आधीच सॉलिसिटर झाले होते.

बॅरिस्टर होण्यासाठी त्या काळी लंडनलाच जावे लागे. तेथील चार ‘इन्स’पैकी एकात नाव दाखल करून ठरावीक सत्रे पुरी करावी लागत. शिवाय संस्थेच्या भोजनगृहात नेमक्या संख्येने जेवणे घ्यावी लागत. तीच हजेरी मानली जाई. आहाराचे पथ्य पाळणाऱ्या मुस्लिम तरुणास ही अट किती अवघड वाटली असेल, याची कल्पना आपणच करावी.

१८६३ मध्ये त्यांनी मिडल टेंपलमध्ये प्रवेश घेतला. पण डोळे अधू होत गेले आणि १८६४ च्या अखेरीस अभ्यास अर्धवट टाकून मायदेशी परतावे लागले. अनेकांनी येथेच पुस्तके मिटली असती. बद्रुद्दीन मुंबईत सुमारे वर्षभर राहिले, त्यांचा निकाह झाला, आणि ते पुन्हा विलायतेस निघाले. सुएझ कालवा तेव्हा खुलाही झाला नव्हता! एप्रिल १८६७ मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि मुंबई हायकोर्टातील पहिले हिंदी बॅरिस्टर ठरले.

आज विधी महाविद्यालय ठाण्यातच आहे. सीईटी, बारावीनंतर पाच किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यास, महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा, एवढे टप्पे पार करावे लागतात, समुद्र नव्हे.

१८८७ मध्ये मद्रास काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १८९५ मध्ये ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांचा जामीन आधी नाकारला गेला होता. तो तय्यबजींनी मंजूर केला. १९०२ मध्ये हंगामी सरन्यायाधीशपदही त्यांच्याकडे आले. १९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडनमध्ये त्यांचा इंतकाल झाला.