डॉ. वॉल्टर रीड : सैनिकांचा खरा शत्रू शोधणारा वैद्य

डॉ. वॉल्टर रीड यांचा जन्म १३ सप्टेंबर १८५१ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी त्यांनी व्हर्जिनिया विद्यापीठाची वैद्यकीय पदवी संपादन केली. १८७५ साली ते लष्करी सेवेत शिरले आणि अनेक वर्षे दूरदूरच्या ठाण्यांवर राहिले.

१८९८ साली अमेरिका व स्पेन यांच्यात युद्ध जुंपले. क्यूबा बेटावर स्पेनची सत्ता होती आणि तेथील जनतेने १८९५ पासून स्वातंत्र्यासाठी बंड पुकारले होते. अमेरिकन व्यापाऱ्यांचा पैसा तेथील साखरेत गुंतलेला होता. त्यातच १५ फेब्रुवारी १८९८ रोजी हवाना बंदरात ‘मेन’ ही अमेरिकन युद्धनौका स्फोटाने बुडून अडीचशेहून अधिक नाविक ठार झाले. स्फोटाचे कारण सिद्ध झाले नव्हते, तरी वृत्तपत्रांनी स्पेनला दोषी ठरवून लोकमत भडकविले. एप्रिलमध्ये सुरू झालेली लढाई ऑगस्टमध्ये थांबली. प्वेर्तो रिको, ग्वाम व फिलिपिन्स अमेरिकेकडे गेले.

या युद्धात चारशेहून कमी अमेरिकन सैनिक शत्रूच्या माऱ्याने मेले. रोगराईने मात्र दोन हजारांहून अधिक बळी घेतले. स्वदेशातील छावण्यांतच वीस हजारांवर जवान विषमज्वराने आजारी पडले. रीड यांच्या समितीने छावण्या तपासून दाखवून दिले की, घाण, माश्या आणि रोग्यांचा निकट सहवास हीच त्याची कारणे होत.

१९०० साली पीतज्वराच्या शोधासाठी त्यांना क्यूबाला पाठविण्यात आले. हवानाचे डॉ. कार्लोस फिनले यांनी १८८१ सालीच या रोगाचा दोष डासांवर ठेवला होता. पण कोणी ते मनावर घेतले नव्हते. फिनले यांनी दिलेल्या डासांच्या अंड्यांवरूनच प्रयोग सुरू झाले. सहकारी डॉ. जेसी लझीअर यांना त्यात प्राण गमवावे लागले.

मग रीड यांनी दोन खोपटी उभारली. एकात रोग्यांच्या मळक्या अंथरुणावर स्वयंसेवक वीस रात्री झोपले. कोणालाही ताप आला नाही. दुसरे स्वच्छ होते, पण तारेच्या जाळीने विभागलेले. डास सोडलेल्या बाजूचा माणूस आजारी पडला, पलीकडचे निरोगी राहिले. प्रत्येक स्वयंसेवकाची संमती आधी घेतलेली होती. पुढे १९०१ साली डासांचा नायनाट होताच हवाना शहर पीतज्वरातून जवळजवळ मुक्त झाले.

२३ नोव्हेंबर १९०२ रोजी, अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी, आंत्रपुच्छाच्या विकाराने रीड यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रहो, ज्या युद्धाचा गाजावाजा झाला ते चार महिन्यांत संपले. या शोधाचा लाभ मात्र जगाला आजही मिळत आहे. पुराव्याआधी दोष देणाऱ्यांनी युद्ध पेटविले, तर पुरावा शोधणाऱ्यांनी प्राण वाचविले. पालकांनीही हा फरक मुलांच्या मनावर ठसवावा. आपल्या घराभोवती साचलेले पाणी काढून टाकणे, हाही त्या विद्येचाच धडा आहे.