नारायण वामन टिळक : तळमळ आणि विसावा

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या चरित्राची मांडणी बहुधा १० फेब्रुवारी १८९५ ह्या एका दिवसाभोवती केली जाते. त्या दिवशी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तत्पूर्वीचे आयुष्य म्हणजे शोध आणि नंतरचे म्हणजे प्राप्ती, अशी मग सोयीस्कर विभागणी होते. धर्मांतराच्या कथेचा हा साचा जुना आहे. चौथ्या शतकातील ऑगस्टीनच्या आत्मनिवेदनापासून तो चालत आलेला आहे, आणि मराठीत बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ने (१८८८) तो रूढ केला. परंतु टिळकांच्या आयुष्याचा क्रम बारकाईने पाहिला म्हणजे असे दिसते की, बाप्तिस्म्याने त्यांच्या बुद्धीचा प्रश्न सुटला, अंतःकरणाचा सुटला नाही. त्यांना हवा असलेला विसावा बराच उशिरा लाभला. आणि तो लाभला तेव्हा त्याची भाषा मिशनच्या ग्रंथांतली नव्हती, वारकऱ्यांच्या अभंगातली होती.

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. घराणे चित्पावन. वडील सरकारी नोकरीत, स्वभावाने कठोर. आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेल्या. नारायण अकरा-बारा वर्षांचा असताना आई गेली आणि घर त्याच्यापुरते संपले. तो नाशिकला आला. गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याने संस्कृतचे अध्ययन केले. इंग्रजी शिक्षण मात्र अर्धवटच राहिले. पुढे ज्या माणसाला एका ठिकाणी स्वस्थ बसणे कधी साधले नाही, त्याच्या अस्वस्थतेचे मूळ केवळ मातृवियोगात शोधणे हे मानसशास्त्राचे सुलभीकरण ठरेल. तथापि, ‘माउली’ हा शब्द त्यांच्या उत्तरकालीन रचनेत कोठून आला हे पाहताना ह्या घटनेचे विस्मरण होऊ देता येत नाही.

१८८० मध्ये जलालपूरच्या गोखल्यांच्या मनूशी त्यांचा विवाह झाला. हीच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी लक्ष्मीबाई. लग्नानंतरच्या दशकात टिळक कीर्तने करीत, शिकवीत, कविता रचीत, आणि मध्येच न सांगता घर सोडून जात. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांना विद्याव्यासंगाची संधी मिळाली. १८९१ नंतर तेथे त्यांनी ‘ऋषि’ हे धर्मविषयक मासिकही चालवले. जातिभेद व मूर्तिपूजा यांवरील त्यांचा विश्वास तोवर उडाला होता. देशाला एक नवा धर्म द्यावा, असा विचार त्यांच्या मनात घोळत होता. म्हणजे ह्या काळातील टिळक हे ईश्वर शोधणारे असण्यापेक्षा धर्म रचू पाहणारे होते. हा फरक लहान नाही. रचणाऱ्याला कोणाच्याही चरणी बसावयाचे नसते.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय प्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने नव्या कराराची प्रत त्यांना दिली आणि दोन वर्षांत ते ख्रिस्ती होतील असे भाकीत केले. हा प्रवासी कोण, हे टिळकांना कधीच कळले नाही. चरित्रकारांना ह्या प्रसंगाचे मोठे आकर्षण वाटते, आणि ते स्वाभाविकच आहे. पण अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यानंतरचे वाचन. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी टिळक थबकले. जो नीतिधर्म ते स्वतः रचू पाहत होते, तो तेथे पूर्वीच मांडलेला होता. शिवाय त्यामागे एक व्यक्ती उभी होती. पुढे अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. (महिपतीची संतचरित्रे इंग्रजीत नेणारे ॲबट ते हेच.) धर्मांतराचे कौटुंबिक परिणाम टिळकांना दिसत होते, निर्णयाला दोन वर्षे लागली ती त्यामुळे. बाप्तिस्मा त्यांनी एका भारतीय पाळकाच्या, रेव्हरंड तुकाराम नथोजी यांच्या हातून घेतला. स्वत्वाविषयी ते किती जागरूक होते, याची ही पहिली खूण होय.

येथे साच्याप्रमाणे कथा संपावयास हवी. प्रत्यक्षात टिळकांच्या आयुष्यातील सर्वांत कष्टाची वर्षे येथून सुरू झाली. लक्ष्मीबाईंना त्यांच्या नातलगांनी पंढरपुरास नेले. लहानगा दत्तू त्यांच्यापाशी. टिळक अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) मिशनच्या कामात. सुमारे पाच वर्षे हे कुटुंब दुभंगलेले राहिले. ‘स्मृतिचित्रे’तील ह्या काळाचे वर्णन मराठी गद्याचे लेणे मानले जाते. त्यातील विनोदाखाली जी वेदना आहे ती लक्ष्मीबाईंची. टिळकांची बाजू तेथे पत्रांतून, भेटींतून आणि त्यांच्या घायकुतीतून डोकावते. देवाचा शोध लागला असे जाहीर केलेला हा माणूस ह्या वर्षांत शांत नव्हता. आपल्या सत्यासाठी दुसऱ्या जिवाने किंमत मोजावी, हा प्रश्न त्यांना छळत होता, आणि त्याचे उत्तर कोणत्याही धर्मशास्त्रात मिळणारे नव्हते. लक्ष्मीबाई अखेर परतल्या. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र तो पतीच्या मागोमाग घेतलेला नव्हता. सोवळ्याओवळ्याची बंधने त्यांच्या मनातून त्यांच्या स्वतःच्या वाटेने गळून पडली होती.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण येथे ताडून पाहण्यासारखे आहे. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. परंतु आपल्याला ख्रिस्ताची खरी प्राप्ती त्यानंतर कित्येक वर्षांनी झाली, असे त्यांनी स्वतःच पुढे नोंदवले. विधी आणि विसावा यांत अंतर असते हे एकोणिसाव्या शतकातील ह्या दोन्ही महाराष्ट्रीय ख्रिस्ती व्यक्तींच्या बाबतीत खरे आहे. रमाबाईंनी ते अंतर सेवा आणि प्रार्थना यांतून ओलांडले. टिळकांनी ते कवितेतून ओलांडले.

ही कविता कोणती? ‘वनवासी फूल’ लिहिणारे, फुलामुलांचे कवी म्हणून पाठ्यपुस्तकांतून परिचित असलेले टिळक सर्वांना ठाऊक आहेत. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात वावरणारे आणि त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना, म्हणजे बालकवींना, स्वतःच्या घरी ठेवून घेणारे टिळकही वाङ्मयेतिहासात आले आहेत. भजने आणि अभंग रचणाऱ्या टिळकांना मात्र वाङ्मयसमीक्षेने बहुतांशी चर्चच्या आवारातच राहू दिले. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत तेव्हा इंग्रजी गीतांची भाषांतरे पाश्चात्त्य चालींवर गायिली जात. शब्दांचे आघात चालीत बसत नसत आणि भाव शब्दांत. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधी घालून दिली होती. टिळकांनी तिचा राजमार्ग केला. मराठी उपासनेसाठी त्यांनी शंभराहून अधिक गीते रचली.

आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे. ते वाचताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. १८९३–९५ च्या धर्मविचारात तुकाराम फारसे दिसत नाहीत; तेथे वाद आहे, नीती आहे, राष्ट्रचिंता आहे. तुकारामांचा पूल टिळकांना सापडला तो बहुधा पलीकडे पोहोचल्यानंतर, मागे वळून पाहताना. परंतु म्हणून तो खोटा ठरत नाही. ज्या भाषेत माणूस रडायला शिकला, त्याच भाषेत त्याला निजता येते. ‘अभंगांजली’तील रचनांत ख्रिस्त न्यायाधीश म्हणून क्वचितच येतो, तो गुरू म्हणून येतो, सखा म्हणून येतो आणि पुनःपुन्हा माउली म्हणून येतो. विठ्ठलाला आणि ज्ञानेश्वरांना वारकऱ्यांनी ज्या शब्दाने हाक मारली तो शब्द टिळकांनी ख्रिस्ताकडे वळवला. पापक्षालनाचा हिशेब येथे मागे पडतो आणि कडेवर घेतलेल्या मुलाची निर्धास्तता पुढे येते. तुकारामांची करुणा भाकण्याची रीत, देवाशी भांडण्याची मुभा, वियोगाची कासाविशी हे सारे टिळकांना आयते मिळाले. मिशनच्या गद्याला ह्यातले काहीच देता आले नसते.

१९०४ मध्ये टिळकांना पाळकदीक्षा मिळाली होती, अहमदनगरच्या ईश्वरविज्ञान विद्यालयात ते शिकवीत होते, १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे आले होते. मान होता, वेतन होते. तरीही ते वेतन त्यांना बोचत होते. परकीय पैशावर चालणारा धर्मोपदेशक आपल्याच लोकांना परका वाटतो, हे त्यांना दिसत होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, भगवी वस्त्रे धारण केली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे दोन्ही प्रकारचे शिष्य त्यात बंधुभावाने एकत्र यावेत, अशी ती कल्पना होती. ज्या विधीसाठी टिळकांनी स्वतः संसाराची होळी पत्करली, तो विधी ह्या दरबाराच्या दारात त्यांनी अट म्हणून ठेवला नाही. मिशनला हे पचणे कठीण होते. हा संन्यास म्हणजे जुन्या भटकंतीचीच पुनरावृत्ती, असा आक्षेप घेता येईल. तो सर्वस्वी चूक नाही. व्यवहारात टिळक अखेरपर्यंत बेभरवशाचेच राहिले आणि त्याचा भार लक्ष्मीबाईंनीच वाहिला. पण तारुण्यातील टिळक घर सोडत ते कशाच्या तरी शोधात. साताऱ्याचे टिळक जे सापडले होते ते वाटण्यासाठी निघाले होते, आणि ह्या काळातील त्यांच्या रचनेत घाई नाही.

प्रकृती मात्र ढासळत गेली. दरबाराला जेमतेम दोन वर्षांचे आयुष्य लाभले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचा अंत झाला. ओवीबद्ध ‘ख्रिस्तायना’चे सुरुवातीचे दहा-अकरा अध्यायच त्यांच्या हातून लिहून झाले होते. कधी काळी पंढरपुरात त्यांच्या धर्मांतरावर अश्रू ढाळणाऱ्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचले. १९३६ मध्ये त्याही गेल्या. ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला.