जहाजे कुजतात ती बंदरात

१९८७ साली मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या शाखेत अधिकारी होतो. आंब्यापासून मासळीपर्यंतची सगळी कर्जे माझ्याच टेबलावर येत. एके दिवशी एक म्हातारा नाखवा आला. त्याला होडीच्या तळाच्या फळ्या बदलायच्या होत्या. रक्कम किरकोळ होती. पण आमची योजना होती नव्या होडीसाठी, दुरुस्तीला त्यात रकानाच नव्हता. नवीच होडी घ्या, कागद मी करून देतो, असे मी त्याला सुचवले. त्यात माझेही उद्दिष्ट पूर्ण होणार होते. त्या वयात डोक्यावर मोठे कर्ज नको म्हणून तो उठून गेला. दोन पावसाळ्यांनी ती होडी मला किनाऱ्यावर दिसली. निम्मी चुलीत गेली होती.

पुढे सॅम्युएल पीप्सचे चरित्र हाती आले तेव्हा हाच प्रश्न मला तिथे भेटला. फक्त तिथे होडीच्या जागी एका राज्याचे आरमार होते.

पीप्स जगाला माहीत आहे तो त्याच्या रोजनिशीमुळे. १६६० ते १६६९ या काळात त्याने ती लघुलिपीत लिहिली. लंडनमधली प्लेगची साथ, १६६६ची भयंकर आग, नाटके, बायकोशी झालेली भांडणे, सगळे तिच्यात आहे. पण ही रोजनिशी त्याच्या हयातीत जवळजवळ कुणालाच ठाऊक नव्हती. त्याचे खरे काम होते आरमाराच्या कचेरीत.

त्याचा जन्म १६३३चा, लंडनमधल्या एका शिंप्याच्या घरातला. शिष्यवृत्तीवर केंब्रिजला शिकला. १६५८ मध्ये मूतखड्याची शस्त्रक्रिया झाली. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती. त्यातून जगला, म्हणून तो खडा त्याने पेटीत जपून ठेवला आणि त्या तारखेला तो दरवर्षी मेजवानी देऊ लागला. १६६० साली एका वजनदार नातेवाइकाच्या ओळखीने तो आरमाराच्या मंडळात चिटणीस झाला. तेव्हा त्याला जहाजातले काही कळत नव्हते. एवढेच नव्हे, केंब्रिजच्या या पदवीधराला पाढेही येत नव्हते! एकोणतिसाव्या वर्षी त्याने जहाजावरच्या एका एकाक्ष खलाशाला शिकवणी ठेवली आणि पहाटे चारला उठून पाढे घोकले. आयुष्यभर आकडेमोड करून पोट भरलेल्या माझ्यासारख्याला हा माणूस इथेच आपला वाटू लागला.

मग तो लाकूड मोजायला शिकला. अँथनी डीन नावाच्या जहाजबांधणी करणाऱ्या तरुणाने त्याला जंगलात नेऊन उभ्या ओकचा हिशेब कसा करायचा ते दाखवले. दोरखंड, डांबर, शिडाचे कापड यांत ठेकेदार कुठे मारतो, हे पीप्स गोद्यांतून हिंडून समजून घेऊ लागला.

तो साधुपुरुष होता असे मात्र कुणी समजू नये. एका इमारती लाकडाच्या व्यापाऱ्याने त्याच्या बायकोसाठी हातमोजे दिले, त्यांत सोन्याची चाळीस नाणी निघाली, ती त्याने ठेवून घेतली. एका कप्तानाने दिलेले पाकीट त्याने आत न बघता उपडे केले. कागदात पैसे पाहिले नाहीत, असे उद्या शपथेवर सांगता यावे म्हणून! नवऱ्याच्या बढतीसाठी आलेल्या एका जहाज-सुताराच्या बायकोचा त्याने जो गैरफायदा घेतला, त्याला तर माफी नाही. हे सारे आपल्याला कळते ते त्याने स्वतःच लिहून ठेवले म्हणून.

१६६७च्या जूनमध्ये राज्याचे डोळे उघडले. तिजोरी रिकामी म्हणून मोठी जहाजे मेडवे नदीत नुसती बांधून ठेवली होती. खलाशांना पगाराऐवजी चिठ्ठ्या मिळत. त्या वटत नसत, म्हणून कित्येक जण अर्ध्या किमतीला विकून टाकत. अशा वेळी डच आरमार नदीत घुसले, जहाजे जाळली आणि रॉयल चार्ल्स हे मानाचे जहाज ओढून घेऊन गेले. डचांच्या जहाजांवर पगाराला कंटाळून तिकडे गेलेले इंग्रज खलाशीही होते.

पीप्स या प्रकरणातून टिकला, वर चढला. १६७७ मध्ये त्याने पार्लमेंटकडून तीस नव्या युद्धनौकांसाठी सहा लाख पौंड मंजूर करून घेतले. नव्या जहाजांना पैसा मिळाला. पण जहाज पाण्यात उतरल्यावर त्याच्या देखभालीचे काय, हा रकाना रिकामाच राहिला.

१६७९ मध्ये त्याच्यावर फ्रान्सला गुपिते विकल्याचा खोटा आरोप आला. तो आणि डीन टॉवरच्या तुरुंगात गेले. आरोप टिकला नाही, पण पद गेले. १६८३ मध्ये राजाने त्याला टँजिअरला धाडले. पोर्तुगीज राजकन्येच्या हुंड्यात इंग्लंडच्या राजाला दोन ठाणी मिळाली होती, एक टँजिअर आणि दुसरे आपली मुंबई. मुंबई राजाने १६६८ मध्येच वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. टँजिअरचा खर्च झेपेना म्हणून ते पाडून सोडून दिले. तो पाडाव पाहायला पीप्स हजर होता.

१६८४ साली तो पुन्हा आरमाराचा सचिव झाला आणि मेडवेत ती तीस जहाजे बघायला गेला. बरीचशी लढाईवर कधी गेलीच नव्हती, तरी सडली होती. खिडक्या उघडल्या नव्हत्या, तळ झाडला नव्हता, वारा लागला नव्हता. आत मुठीएवढ्या अळंब्या उगवल्या होत्या. जबाबदार मंडळी बाल्टिककडून आणलेल्या फळ्यांना दोष देत होती. पीप्स आणि डीन यांचे म्हणणे होते, की दोष लाकडाचा नाही, दुर्लक्षाचा आहे.

आपल्या कोकणात पावसाळ्याआधी होड्या ओढून झापांनी शाकारतात, उन्हाळ्यात तळ साफ करून तेल लावतात. कोळ्याच्या पोराला जे कळते, ते इंग्लंडच्या गोदीत पाच वर्षे कुणी केले नव्हते.

मग पीप्सने १६८६ मध्ये राजापुढे योजना ठेवली. वर्षाला चार लाख पौंड, तीन वर्षे, त्यापेक्षा पै जास्त नको. तेवढ्यात सारे आरमार दुरुस्त करायचे, कोठारे भरायची आणि चालू खर्चही भागवायचा. जुनी थकबाकी नव्या कामात मिसळू द्यायची नाही, ती वेगळी माणसे निस्तरतील. बँकेतल्या माणसाला याचे मोल वेगळे सांगायला नको. जुने खाते आणि नवे खाते एक झाले, की दोन्ही बुडतात.

या कामाला डीन हवा होता. तो बाहेर जास्त कमवत होता आणि त्याचा पोरवडा मोठा होता, तेव्हा तो सरकारी पगारावर यायला तयार होईना. पीप्सने राजासाठी इतर सगळ्या जहाजबांधणीवाल्यांची यादी केली आणि एकेकापुढे शेरे लिहिले. कुणी दारुडा, कुणी संधिवाताने जखडलेला, कुणी अडाणी. अखेर डीन आला.

तीन वर्षांचे काम अडीच वर्षांत आटोपले. १६८८च्या ऑक्टोबरात मंडळ विसर्जित झाले, तेव्हा मोजकी जहाजे सोडली तर आरमार समुद्रावर जाण्याजोगे होते. पण त्याच वर्षाअखेर राजा जेम्स देश सोडून पळाला. नव्या राजवटीत पीप्सने पद सोडले, पुन्हा तुरुंगही पाहिला. १६९२ मध्ये बार्फ्लरला फ्रेंच आरमाराशी लढाई झाली, तेव्हा इंग्रजांचे प्रमुख जहाज ब्रिटानिया होते. ते त्या तीस जहाजांपैकीच एक. विजय दुसऱ्यांच्या नावावर लागला. दुरुस्ती करणाऱ्याच्या वाट्याला हार येत नाहीत.

१६९० मध्ये त्याने आरमाराच्या या हिशेबाचे छोटे पुस्तक छापले. हयातीत त्याने स्वतःच्या नावाने उघडपणे छापलेले पुस्तक एवढेच. १६०३ नव्हे, १७०३च्या मे महिन्यात तो क्लॅपहॅमला वारला. तेव्हा राज्याकडे त्याचे अठ्ठावीस हजार सात पौंड, दोन शिलिंग आणि सव्वा पेनी येणे होते. सव्वा पेनीसुद्धा त्याने सोडली नव्हती, आणि त्याला एकही पेनी मिळाली नाही. लाच घेतलेला हा माणूस शेवटी राज्याचा धनको म्हणून गेला. हे खाते कसे जुळवायचे, ते मला अजून जमलेले नाही.

आजही युद्धनौकेच्या आयुष्याच्या मध्यावर मोठी दुरुस्ती काढावी लागते आणि आजही नव्या नौकेच्या जलावतरणाला जमते तशी गर्दी त्या कामाला जमत नाही. अशा बातम्या वाचल्या की मला तो नाखवा आठवतो. रकाना नव्हता हे खरे. पण कागदाच्या समासात दोन ओळी लिहून वर पाठवायला मला कुणी अडवले नव्हते. पीप्सने आयुष्यभर त्याच दोन ओळी लिहिल्या. मी लिहिल्या नाहीत.