प्रायश्चित्ताचे वैद्य : संत कोलंबन

२३ नोव्हेंबर हा मठाधिपती संत कोलंबन यांचा सण. त्यांचा जन्म सुमारे ५४० साली आयर्लंडमध्ये झाला. बँगोरच्या मठात अनेक वर्षे राहून सुमारे ५९० साली ते १२ सोबत्यांसह आजच्या फ्रान्समध्ये गेले. तेथे त्यांनी तीन मठ स्थापन केले.

त्या काळी मोठ्या पापाचे प्रायश्चित्त सर्वांसमक्ष व आयुष्यात एकदाच करता येई. त्यामुळे पुष्कळ जण ते मरणकाळापर्यंत लांबवीत. धर्मगुरूंजवळ एकांतात, पुन्हा पुन्हा पापनिवेदन करण्याची रीत आयरिश मठवासीयांनी युरोपात रुजवली.

प्रायश्चित्ताची एक नियमावली कोलंबन यांच्या नावे आहे. वैद्य रोग पाहून औषध देतो, तसे पाप पाहून प्रायश्चित्त द्यावे, हे तिचे सूत्र. चोराने आधी शेजाऱ्याचे नुकसान भरून द्यावे आणि १२० दिवस भाकरी-पाण्यावर उपवास करावा. खून करणाऱ्याने तीन वर्षे निःशस्त्र परमुलखात राहावे. परत आल्यावर मृताच्या घरच्यांची मुलाच्या जागी सेवा करावी.

राजा थ्यूडेरिक याच्या अनौरस मुलांना आशीर्वाद देण्यास कोलंबन यांनी नकार दिला. अखेर ६१० साली त्यांना हद्दपार करण्यात आले. इटलीत बोब्बियो येथे मठ उभारून ६१५ साली ते देवाघरी गेले.

पुढे नियम सौम्य झाले. आज बहुधा काही प्रार्थना सांगितल्या जातात. पण शेजाऱ्याचा बांध कोरला असेल, तर तो पूर्ववत करून देणे आजही आपल्यावरच आहे.