महाडची जमीन नांगरणारे आर. बी. मोरे

सन १९१४. कुलाबा जिल्ह्यातील महाडच्या इंग्रजी शाळेत अकरा वर्षांचा एक महार मुलगा प्रवेश मागायला गेला. शिष्यवृत्तीची परीक्षा तो उत्तीर्ण झालेला होता. हुशारीचा पुरावा सरकारनेच दिलेला होता. तरीही अस्पृश्य म्हणून त्याला शाळेच्या दारातून परत पाठविण्यात आले. असे परत पाठविले गेलेले हजारो मुलगे त्या काळात गावोगाव होते. ते घरी गेले, गुरे राखू लागले, मुंबईची वाट धरून गोदीत-गिरणीत लागले. हा मुलगा घरी गेला आणि त्याने आपल्यावर झालेल्या अन्यायाची हकीकत लिहून वर्तमानपत्राला धाडली. पत्र छापून आले. गवगवा झाला आणि शाळेला त्याला प्रवेश द्यावा लागला. प्रवेश मिळाला तरी विटाळ गेला नाही, इतर मुलांच्या मांडीला मांडी लावून बसू दिले गेले नाही, ही गोष्ट वेगळी. पण दार उघडले.

त्या मुलाचे नाव रामचंद्र बाबाजी मोरे. चळवळीच्या इतिहासात ते आर. बी. मोरे या नावाने ओळखले जातात. महाडजवळच्या लाडवली गावी १ मार्च १९०३ रोजी त्यांचा जन्म झाला. बाबासाहेब भारतात परतून मूकनायक काढण्याच्या कितीतरी आधी या पोराने लेखणीचा उपयोग ओळखला होता. त्या वेळी त्याच्या मागे पक्ष नव्हता, संघटना नव्हती, पुढारी नव्हता. आम्हाला या पत्राचे मोल वाटते ते यासाठी, की त्यात सगळ्या जगाच्या अन्यायाचे गाऱ्हाणे नव्हते. एक शाळा, एक मुलगा, एक नकार, एवढीच गोष्ट होती. शाळेचे नाव होते, गावाचे नाव होते, म्हणून उत्तर देणे भाग पडले. आज आमचे तरुण मोबाइलवर रात्रंदिवस मनुवादाला शिव्या देतात. त्यातला किती मजकूर एखाद्या नावागावाच्या अधिकाऱ्याला उत्तर द्यायला लावतो, याचा त्यांनीच हिशेब करावा.

मोरे ज्या भागात जन्मले तो भाग मुळात जागा झालेला होता, हेही सांगितले पाहिजे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली लष्करातून निवृत्त होऊन आले आणि त्यांनी १८८८ साली विटाळ विध्वंसन लिहून सनातन्यांना प्रश्न विचारले. लष्करातील महारांची भरती बंद झाली तेव्हा त्याविरुद्ध अर्ज लिहिला तो त्यांनीच. १८९५ साली महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा सवर्ण सभासदांचे पित्त खवळले. दासगाव याच भागातले. सावित्री नदीकाठचे हे बंदर. पेन्शनर महार शिपायांची वस्ती या पट्ट्यात होती. पलटणीत लिहा-वाचायला शिकलेल्या आणि साहेबाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोललेल्या माणसांमध्ये वाढलेले पोर अकराव्या वर्षी वर्तमानपत्राला पत्र लिहिते, यात चमत्कार काहीच नाही. चळवळ आभाळातून पडत नसते. आधीच्या पिढीने पेरलेले पुढच्या पिढीत उगवते.

आता महाडकडे येऊ. दरवर्षी २० मार्चला महाडला निळा सागर लोटतो. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची तारीख आमच्या लहान मुलांनाही पाठ आहे. पण १९ मार्च १९२७ ची ती परिषद भरली कशी, तिच्यासाठी कोण किती वर्षे झिजले, हे विचारले तर बहुतेकांचे मौन. परिषदेमागचा धागा असा आहे. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव. सरकारने सप्टेंबरमध्ये त्याचे आदेश काढले. महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी ठराव करून चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. त्यामागे सुरेंद्रनाथ टिपणीसांसारखे सुधारक होते. कागदावर तळे खुले झाले आणि प्रत्यक्षात एकही अस्पृश्य तिकडे फिरकू शकत नव्हता! कायद्याचा कागद आणि जमिनीवरची वस्तुस्थिती यांत केवढे अंतर असते, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

हे अंतर पायी चालून कापायचे, हे वीस-एकवीस वर्षांच्या मोरेंनी हेरले. महाडच्या बाजाराला आसपासच्या खेड्यांतून गवताचे भारे, लाकूडफाटा घेऊन महार-चांभार बाया-बापे येत. दिवसभर उन्हात उभे राहायचे आणि तहान लागली तर पाण्याचा थेंब नाही. तळे समोर भरलेले. मोऱ्यांच्या खटपटीने या लोकांसाठी बाजारात चहाचे दुकान निघाले. आमच्या लेखी महाडच्या क्रांतीची सुरुवात तिथे झाली. माणसाला बसायला जागा मिळाली, पाणी मिळाले. चार गावची माणसे एका ठिकाणी टेकू लागली की गोष्टी निघतात, कोणाच्या गावात काय घडले ते कळते, दुःख एकट्याचे राहत नाही. हल्ली ज्याला केडर बांधणे म्हणतात आणि ज्यासाठी शिबिरे घेतली जातात, ते काम चहाच्या कपावर होत होते.

त्याच सुमारास मोरेंनी मुंबईला जाऊन बाबासाहेबांची गाठ घेतली. कुलाबा जिल्ह्यातील अस्पृश्यांची परिषद महाडला घ्यायची आहे, आपण अध्यक्ष व्हावे, अशी विनंती केली. बाबासाहेब १९२३ साली विलायतेहून नुकतेच परतलेले. वकिली नुकतीच सुरू झाली होती, जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. त्यांनी लगेच होकार दिला नाही. मोरे पुन्हा गेले. पुन्हा पुन्हा गेले. परिषद भरली ती १९२७ च्या मार्चमध्ये. म्हणजे तीन वर्षे हा तरुण एका परिषदेचा पाठपुरावा करीत होता. या तीन वर्षांत छापून येण्यासारखे फारसे काही घडले नाही, म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना दोन ओळी मिळतात. अनंतराव चित्रे, टिपणीस यांच्यासारखे सवर्ण सुधारक आणि संभाजी तुकाराम गायकवाड, शिवराम गोपाळ जाधव यांच्यासारखे समाजातील जाणते यांना एका कामाला जुंपणे, गावोगाव फिरून बैठका घेणे, वर्गणी आणि धान्य गोळा करणे, ही सगळी उसाभर या काळात झाली. परिषदेच्या दिवशी पाणी मात्र सवर्णांकडून चाळीस रुपयांना विकत घ्यावे लागले. तळ्याच्या गावात विकतचे पाणी!

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. २० मार्चला बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसे शिस्तीने तळ्यावर गेली, बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले. मग अफवा, लाठ्या, परतणाऱ्या प्रतिनिधींची डोकी फोडणे आणि तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून केलेली ती किळसवाणी शुद्धी. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. बाबासाहेब पद्मावती बोटीने निघाले आणि २५ डिसेंबरला उतरले ते दासगावच्या बंदरावर. हजारो सत्याग्रही तिथे वाट पाहत होते आणि तेथून सारे चालत महाडला गेले. त्याच रात्री मनुस्मृती जळाली. तळ्याचा खटला उच्च न्यायालयात निकाली निघाला १७ मार्च १९३७ रोजी, दहा वर्षांनी.

अंबरनाथ पूर्वेकडील एका विहारात तरुणांशी बोलताना आम्ही ही हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी विचारले की हे आम्हाला आजवर कोणी सांगितले कसे नाही. मुले शिकलेली. कोणी एमआयडीसीत कंत्राटावर, कोणी रोज लोकलने मुंबईला जाणारा. चळवळीत काम करायचे आहे, पण कोणत्या गटात जावे, कोणाचा झेंडा घ्यावा, पद कोण देईल, या प्रश्नांत अडकलेली. गटबाजीने आम्ही त्यांच्यापुढे दुसरे काही ठेवलेलेच नाही. त्यांना आम्ही विचारले, तुमच्या वस्तीत किती मुलामुलींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अडली आहे? जातीच्या दाखल्यासाठी, पडताळणीसाठी किती घरे खेटे घालतात? नळाला पाणी किती वेळ येते आणि शेजारच्या टोलेजंग संकुलात किती वेळ? उत्तर कोणाकडे नव्हते. उत्तर शोधायला पद लागत नाही. २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा हाती आहे, १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा हाती आहे. मोऱ्यांच्या हाती १९१४ साली यातले काहीच नव्हते. एक वही घेऊन घरोघर बसायला आठ रविवार लागतील, एवढेच.

आणि आपला भाग म्हणजे इतिहासाबाहेरचा ओसाड मुलूख, असेही कोणी समजू नये. चवदार तळ्यानंतर सहाच आठवड्यांनी, ३ मे १९२७ रोजी बाबासाहेब अंबरनाथच्या पुढच्याच स्टेशनावर, बदलापूरला आले होते. शिवजयंतीच्या त्रिशतसांवत्सरिक उत्सवाचे ते अध्यक्ष होते. बोलावणारे होते पालये शास्त्री नावाचे ब्राह्मण गृहस्थ. महाडला डोकी फुटल्याच्या बातम्या ताज्या असताना बदलापुरात हजारो लोक त्यांना ऐकायला जमले. आज अंबरनाथचे हजार वर्षांचे शिलाहारकालीन मंदिर पाहायला लोक लांबून येतात. तीन मे मात्र या पट्ट्यात किती ठिकाणी साजरा होतो?

मोरेंचे नाव मागे पडले त्याला आणखी एक कारण आहे आणि ते स्पष्ट बोलले पाहिजे. १९३० साली मोरे कम्युनिस्ट पक्षात गेले. १९२८ च्या गिरणी संपाने मुंबई हादरली होती. गिरणीत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत, कारण तेथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला त्याचा विटाळ होई. जास्त मजुरी त्याच खात्यात. संपाचे पुढारी या प्रश्नाकडे कानाडोळा करतात, अशी बाबासाहेबांची रास्त तक्रार होती. अशा वेळी महाडचा शिल्पकार लाल बावट्याखाली गेला हे आपल्या अनेकांना खुपले आणि अजून खुपते. आमचेही मत असे आहे की जातीचा प्रश्न वर्गाच्या पोटात मावत नाही. पण म्हणून महाडच्या आधीची ती तीन वर्षे पुसून टाकायची, हा कोणता न्याय? खुद्द बाबासाहेबांनी मोऱ्यांशी वैर धरले नाही. १९३८ साली १० जानेवारीला कोकणातल्या खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला काळ्या कामगार विधेयकाविरुद्ध संप झाला. या दोन्ही वेळी निळे आणि लाल एका रस्त्यावर होते. अशा प्रसंगी मोऱ्यांसारखी दोन्हीकडे विश्वास असलेली माणसेच दुवा ठरतात.

पक्षातही ते मुकाट बसले नाहीत. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात, जिथे अण्णाभाऊ साठे घडले, तिथे काम उभे करणाऱ्यांत मोरे होते. अस्पृश्यता आणि जातिव्यवस्था हा स्वतंत्र प्रश्न म्हणून पक्षाने हाती घ्यावा, यासाठी १९५३ पासून त्यांनी वरिष्ठांकडे लेखी टिपणे पाठवली. एकदा नव्हे, वारंवार पाठवली. पक्षाने ती किती मनावर घेतली, हे डाव्यांनीच तपासावे. अकराव्या वर्षी शाळेविरुद्ध लिहिणारा माणूस पन्नाशीत आपल्याच पक्षाला लिहीत होता. आमच्या गटागटांत आज किती कार्यकर्ते आपल्या नेत्याला असे लेखी विचारतात? आणि विचारले तर दुसऱ्या दिवशी ते गटात राहतात काय?

पत्रकारिता त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. तीसच्या दशकाच्या आरंभी आव्हान काढले, १९६५ साली जीवनमार्ग सुरू केले. घरादाराची परवड झाली, ती त्यांच्या पत्नी सीताबाईंनी सोसली. अशा बायकांची नावे परिषदांच्या अहवालात येत नाहीत. १९७२ साली मोरे गेले. आत्मचरित्र लिहायला घेतले होते ते अपुरेच राहिले. पुढचा भाग पुत्र सत्येंद्र मोरे यांनी लिहून २००३ साली ते पुस्तक मराठीत आणले. २०१९ साली त्याचे इंग्रजी भाषांतर झाले आणि परदेशातील विद्यापीठांत मोरे वाचले जाऊ लागले.

मुंबई-गोवा महामार्गाने महाडला जाताना दासगाव आधी लागते. येत्या मार्चमध्ये अंबरनाथ-उल्हासनगरहून ज्या गाड्या निघतील त्यांच्या व्यवस्थापकांना आमची एक सूचना आहे. दासगावला अर्धा तास गाडी थांबवावी, पोरांना खाली उतरवून सावित्रीकाठ दाखवावा आणि चहा तिथेच घ्यावा.