दोऱ्याला टांगलेला स्फटिक

विज्ञान दिनाला फळ्यावर रामन यांचा फेटा कोण काढायचं, यावरून आपल्या वर्गात होणारी भांडणं सगळ्यांनाच आठवत असतील. के. एस. कृष्णन हे नाव मात्र आपल्या कुठल्याच उत्तरपत्रिकेत आलं नाही. १९२८ साली ‘नेचर’मधल्या ज्या टिपणाने रामन परिणाम जगापुढे आला, त्यावर रामन यांच्यासोबत कृष्णन यांचंही नाव होतं. १९३०चं नोबेल एकट्या रामन यांना मिळालं. तो जुना वाद मी इथे बाजूला ठेवते. डेटा साठवणुकीच्या सॉफ्टवेअरवर पोट असल्यामुळे मला ओढ आहे ती त्यांच्या पुढच्या कामाची.

कृष्णन तमिळनाडूतल्या वत्रपचे, जन्म १८९८चा. कलकत्त्याला रामन यांच्या हाताखाली काही वर्षं काढून १९२८च्या अखेरीस, म्हणजे नोबेलच्या आधीच, ते ढाका विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी प्रश्न घेतला तो असा: चुंबकाजवळ नेलेला स्फटिक सगळ्या दिशांनी सारखाच वागतो का? बहुतेक स्फटिक तसे वागत नाहीत. लाकूड उभं सहज चिरतं, आडवं चिरत नाही. तसाच हा दिशाभेद. त्याला चुंबकीय अ‍ॅनआयसोट्रॉपी म्हणतात.

तो मोजायची त्यांची युक्ती आपल्या प्रयोगशाळेतल्या सरांना फार आवडली असती. क्वार्ट्झच्या बारीक तंतूला इवलासा स्फटिक बांधून चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये टांगायचा आणि तंतूचं वरचं टोक पिळत राहायचं. स्फटिक आपली आवडती दिशा सोडत नाही. कुरकुरत थोडाथोडा वळतो. ४५ अंशांच्या आसपास ढळला की चुंबकाची पकड सुटते आणि तो गर्रकन फिरतो. तोवर किती पीळ दिला, त्यावरून दिशाभेदाचा आकडा निघतो. डांबरगोळीतल्या नॅप्थलीनचे चपटे रेणू स्फटिकात कसे कलते बसलेत, हेही अशा मोजमापांतून कळू लागलं. १९३६ साली कॅथलीन लॉन्सडेल यांच्याबरोबर त्यांनी या विषयावर निबंध लिहिला. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटचाही त्यांनी अभ्यास केला. त्यात कार्बनचे थरावर थर असतात आणि हा भेद प्रचंड असतो.

धातूंच्या पातळ थरांचं विज्ञान नंतरचं. ते कृष्णन यांच्या नावावर घालणार नाही. पण प्रश्न तोच आहे. पातळ चुंबकीय थरात चुंबकत्व एरवी आडवं पसरतं. कोबाल्टचे मोजक्या अणूंइतके थर प्लॅटिनमच्या थरांमध्ये आलटूनपालटून रचले, तर ते उभं राहू शकतं. आजच्या हार्ड डिस्कमध्येही बिट उभे असतात, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त मावतात. आणि अशा थरांचा दिशाभेद आजही पीळ मोजून काढता येतो.

कृष्णन १९४० साली रॉयल सोसायटीचे फेलो झाले, १९४२ मध्ये अलाहाबादला प्राध्यापक. १९४७ मध्ये ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. देशाचा मीटर आणि किलोग्रॅम सांभाळणारी ती हीच संस्था. १९५८चा पहिला भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. १९६१च्या जूनमध्ये ते गेले, तेव्हाही संचालकपदावरच होते.